शपथेसाठी सहा वर्षे : चार्ल्स ब्रॅडलॉ यांचे जीवन

रविवारची वंदना आटोपून विहारात बसले की हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. कॉलेजात जाणारा एखादा तरुण विचारतो की युरोपात लोकांनी धर्म सोडून दिला, तिथली चर्चे ओस पडली, काही तर विकली गेली. मग शिकल्यासवरल्या लोकांनी जे टाकून दिले ते आपण नव्याने कशासाठी हाती घ्यायचे? त्याच वेळी मागच्या रांगेत बसलेली एखादी म्हातारी उपासिका मनातल्या मनात म्हणत असते की देव्हारा उठवला तेव्हापासून घर कसे रिते रिते वाटते. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणून तरुणाला दटावू नये आणि म्हातारीला हसू नये.

तरुणाने सांगितलेली बातमी खोटी नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती लिहिणारे लोक शेकडा ४६.२ भरले, म्हणजे निम्म्याहूनही कमी. २००१ साली हेच प्रमाण शेकडा ७१.७ होते. आपला कोणताच धर्म नाही असे लिहिणारे २००१ मध्ये शेकडा १४.८ होते, ते वीस वर्षांत शेकडा ३७.२ झाले. चर्च ऑफ इंग्लंड हे तिथले राजमान्य चर्च. राजा त्याचा प्रमुख, आणि त्याचे २६ बिशप आजही लॉर्ड्सच्या सभागृहात बसतात. पण आठवड्याच्या प्रार्थनेला त्या चर्चमध्ये येणारी माणसे मोजली तर ती दहा लाखांच्या आत भरतात, आणि इंग्लंडची वस्ती साडेपाच कोटींच्या वर आहे.

परंतु धम्मबंधू आणि भगिनींनो, हे काही काल-परवा घडलेले नाही. ३० मार्च १८५१ या रविवारी तिकडे जनगणनेबरोबर आणखी एक मोजणी झाली. त्या दिवशी कोणत्या चर्चमध्ये किती माणसे आली हे लिहून घेतले गेले. होरेस मॅन या अधिकाऱ्याने त्याचा अहवाल केला, तेव्हा धर्मगुरूंचे डोळे पांढरे झाले. इंग्लंड-वेल्सची वस्ती तेव्हा सुमारे १ कोटी ७९ लाख होती. त्यातले लहान मुले, आजारी, कामावर अडकलेले असे सगळे वगळले, तरी येणे शक्य असून न आलेले लोक ५० लाखांहून अधिक निघाले. आणि हे न येणारे कोण होते? बहुतेक कष्टकरी. ते नास्तिक झाले होते असे नव्हे. चर्चमधली पुढची चांगली बाके पैसेवाल्यांनी भाड्याने घेतलेली असत आणि मजुराने फाटक्या कपड्यांनिशी मागे कोपऱ्यात बसायचे असे. देवळाच्या पायरीबाहेर ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या गेल्या त्यांना याचा अर्थ उलगडून सांगायला नको.

त्या रविवारी आयर्लंडच्या एका लष्करी छावणीत सतरा वर्षांचा एक इंग्रज शिपाई होता. धर्मापायी घर सुटले म्हणून तो पोटासाठी सैन्यात भरती झाला होता. त्याचे नाव चार्ल्स ब्रॅडलॉ.

चार्ल्सचा जन्म २६ सप्टेंबर १८३३ रोजी लंडनच्या पूर्व भागातील हॉक्स्टन या गरीब वस्तीत झाला. बाप वकिलाच्या कचेरीत कारकून, आई पूर्वी लोकांची मुले सांभाळणारी. शाळा अकराव्या वर्षी संपली आणि पोरगा बापाच्याच कचेरीत निरोप्या म्हणून लागला. मुलगा देवभोळा होता. इतका की रविवारच्या चर्चच्या शाळेत तो लहान मुलांना शिकवू लागला. त्याच्या चर्चचे धर्मगुरू पॅकर यांनी त्याला बिशपसमोर परीक्षेसाठी तयारी करायला सांगितले. चार्ल्सने आज्ञा पाळली आणि तीच पुढे सगळ्यांना नडली. त्याने चर्चचे एकोणचाळीस धर्मनियम वाचले, येशूच्या जीवनाची चारही वृत्तांते शेजारी शेजारी ठेवून वाचली, आणि त्यांचा मेळ बसत नाही हे त्याला दिसले. त्याने नम्रपणे पत्र लिहून गुरूकडे खुलासा मागितला.

खुलासा आला नाही. गुरूने बापाला कळवले की पोरगा नास्तिक होत चालला आहे, आणि तीन महिने मुलांना शिकवण्याची त्याला मनाई केली. वय पंधरा-सोळा. तोवर त्याने देव नाकारलाही नव्हता, नुसता प्रश्न विचारला होता. बापाने घरात त्याच्या नजरेसमोर नास्तिकाला मूर्ख ठरवणारे बायबलचे वचन भिंतीवर लावले. रविवार मोकळे झाले तेव्हा चार्ल्स मैदानावर स्वतंत्र विचाराच्या मंडळींची भाषणे ऐकू लागला, त्यांच्याशी वाद घालू लागला, आणि वादात हरता हरता त्यांच्यातलाच एक झाला. शेवटी त्याला तीन दिवसांची मुदत मिळाली. मत बदल, नाहीतर नोकरी सोड. तिसऱ्या दिवशी तो घरातून बाहेर पडला.

त्याला आसरा कोणी दिला हे आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. रिचर्ड कार्लाइल हा लंडनचा पुस्तक छापणारा. थॉमस पेनचे बायबलवर टीका करणारे पुस्तक छापले म्हणून तो सहा वर्षे तुरुंगात होता. त्याच्यामागे राहिलेली एलिझाबेथ शार्पल्स आपली मुले घेऊन हलाखीत दिवस काढीत होती. तिने चार्ल्सला घरात घेतले. त्याच थॉमस पेनचे मानवी हक्कांवरचे पुस्तक महात्मा जोतीराव फुले यांनी तरुणपणी पुण्यात वाचले होते. एका माणसाच्या लेखणीने लंडनमध्ये एका पोराला छप्पर दिले आणि पुण्यात एका माणसाला शूद्रातिशूद्रांची शाळा काढायचे बळ दिले.

पोटासाठी चार्ल्स दारोदार कोळसा विकू लागला. त्याच्या चरित्रात एक आठवण सांगतात. एका पाववाल्याची बायको त्याची चांगली गिऱ्हाईक होती. हा नास्तिक आहे हे कळल्यावर तिने कोळसा घेणे बंद केले. अशा माणसाच्या कोळशावर भाजलेल्या पावाला नरकातल्या गंधकाचा वास येईल अशी तिला भीती वाटली. हसू येते खरे. पण १९५६ नंतर कितीतरी गावांत आपल्या लोकांचे दळण, किराणा, शेतातली मजुरी बंद झाली, तेही असेच एखाद्या वासाच्या भीतीने.

कर्ज वाढले. मतांच्या मंडळींनी वर्गणी काढून त्याला थोडे पैसे देऊ केले, तेव्हा त्याला आपल्या गरिबीची लाज वाटली आणि डिसेंबर १८५० मध्ये तो सैन्यात भरती झाला. हिंदुस्थानात जायला मिळेल या आशेने तो गेला होता; पाठवले आयर्लंडला. तिथे जमीनदाराच्या हुकमाने कुळांना घराबाहेर काढण्याच्या कामाला सैनिक नेत. आजारी माणसासह एक कुटुंब असे थंडीपावसात उघड्यावर काढलेले त्याने पाहिले, आणि ते तो जन्मभर विसरला नाही. छावणीत तो दारूला शिवत नसे, फावल्या वेळी पुस्तके वाची, म्हणून सोबती त्याची थट्टा करीत. १८५३ साली एका वृद्ध नातलग बाईच्या मागे थोडा पैसा आला, त्यातून त्याने सैन्यातून सुटका विकत घेतली आणि तो लंडनला परतला.

पुढची पंधरा-वीस वर्षे दिवसा वकिलाची कारकुनी आणि रात्री व्याख्याने असे त्यांचे आयुष्य चालले. मालकाला त्रास होऊ नये म्हणून ते मूर्तिभंजक या अर्थाचे टोपणनाव घेत. अंगाने धिप्पाड, आवाज सभागृहाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. १८६० मध्ये त्यांनी नॅशनल रिफॉर्मर हे साप्ताहिक हाती घेतले आणि १८६६ मध्ये नॅशनल सेक्युलर सोसायटी स्थापन केली. गावोगावी त्यांना सभेसाठी जागा मिळत नसे. मिळाली तर आयत्या वेळी कुलूप लागे. दगड खाल्ले, खटले लढवले. कोर्टात त्यांची आणखी एक अडचण होती. देवाची शपथ ज्याच्या मनाला बांधत नाही अशा माणसाची साक्ष तिथे धरीत नसत. म्हणजे नास्तिकाचे पैसे कोणी बुडवले तर त्याने दाद कुठे मागायची? ब्रॅडलॉ यांच्या स्वतःच्या एका दाव्यात हाच पेच आला. १८६९ आणि १८७० च्या कायद्यांनी तो सुटला, आणि कोर्टापुरती तरी देवाच्या नावाऐवजी गंभीरपूर्वक प्रतिज्ञा करून साक्ष देता येऊ लागली.

घरचे दुःख मोठे होते. त्यांची पत्नी सुसॅना दारूच्या व्यसनात सापडली. १८७० साली संसार मोडला, ती मुलींसह माहेरी गेली, आणि त्याच वर्षी शाळेत शिकणारा त्यांचा मुलगा तापाने गेला. जन्मभर सभा गाजवणाऱ्या माणसाला हे घर सावरता आले नाही. पाचव्या शीलाचा विषय विहारात निघाला की पुरुषमंडळी खाली बघतात, त्यांनी हा भागही वाचावा. आलिस आणि हायपेशिया या दोन्ही मुली मात्र मोठ्या होऊन बापाच्या कामात उतरल्या. लंडनमधील हॉल ऑफ सायन्समध्ये विज्ञानाचे वर्ग चालत, त्यांत त्या शिकवीत. रविवारी संध्याकाळी त्याच हॉलमध्ये ब्रॅडलॉ यांचे व्याख्यान असे. कारागीर, शिंपी, छापखान्यातले जुळारी, त्यांच्या बायका, मुले सगळे येत. जी माणसे चर्चला जात नव्हती त्यांनाही रविवारी कुठेतरी एकत्र बसायला हवे होते, हे या माणसाला कळले होते. मुलाचे नाव ठेवणे, लग्न, अंत्यविधी यांसाठीही त्या मंडळींनी धर्मगुरूवाचून करण्याचे विधी लिहून छापले. म्हातारी उपासिका जे म्हणते तेच हे.

१८७४ मध्ये ॲनी बेझंट ही धर्मगुरूची पत्नी नवऱ्याचे घर सोडून त्यांच्या चळवळीत आली. १८७७ साली दोघांनी मिळून संततिनियमनाची माहिती देणारी एक जुनी पुस्तिका पुन्हा छापली आणि मुद्दाम खटला ओढवून घेतला. गरीब बाईला दर वर्षी मूल होऊ नये, हे सांगणे त्या काळी अश्लील ठरले. सहा महिन्यांची कैद आणि २०० पौंड दंड अशी शिक्षा झाली. वरच्या कोर्टात ती कायद्याच्या मुद्द्यावर रद्द ठरली. पण बेझंटबाईंच्या नवऱ्याने याच कारणावरून त्यांची लहान मुलगी कोर्टातून त्यांच्यापासून काढून घेतली.

याच बेझंटबाई १८८९ साली थिऑसॉफीत गेल्या, पुढे हिंदुस्थानात येऊन बनारसला राहिल्या, गीता आणि वर्णव्यवस्था यांचे गोडवे गाऊ लागल्या. १९०९ साली त्यांनी लेख लिहिला की अस्पृश्यांच्या मुलांना इतर मुलांच्या शाळेत एकत्र बसवू नये. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी तो लेख पुराव्यादाखल पुढे ठेवला आहे. म्हणून कोणी चर्च सोडले एवढ्याने त्याला मुक्त समजू नये. सोडून तो कुठे गेला तेही पाहिले पाहिजे. एका देवळातून निघालेला माणूस दुसऱ्या देवळात जाऊन बसलेला आपण कमी पाहिलेला नाही.

आता ज्यासाठी हे सगळे सांगितले तिथे येतो. नॉर्थॅम्प्टन हे जोडे शिवणाऱ्यांचे शहर. तिथल्या कारागीर मतदारांनी १८६८ पासून ब्रॅडलॉ यांना उभे केले. तीनदा पडले. एप्रिल १८८० मध्ये निवडून आले. ३ मे रोजी ते पार्लमेंटमध्ये गेले आणि देवाच्या नावाने शपथ घेण्याऐवजी गंभीरपूर्वक प्रतिज्ञा करू द्या अशी त्यांनी विनंती केली. कोर्टात जे चालते ते इथे का चालू नये? समितीने नकार दिला. तेव्हा ब्रॅडलॉ म्हणाले की बरे, मी शपथच घेतो, तिच्यातला देवाचा भाग माझ्या लेखी पोकळ असला तरी राजनिष्ठेचा भाग मला बांधील. यावर सभागृह आणखीच खवळले. जो देव मानत नाही त्याला देवाची शपथ घेऊ देणे हा देवाचा अपमान!

ही दुसरी तयारी त्यांनी दाखवायला नको होती असे या लेखकाला वाटते. त्यांच्याच चळवळीतले जुने सहकारी जॉर्ज होलिओक यांनाही ती रुचली नाही. ज्यावर विश्वास नाही ते केवळ उपचार म्हणून करायचे, ही सवलत एकदा घेतली की शत्रू तेवढेच बोट धरून ठेवतो. कचेरीत सत्यनारायण असतो, सगळे जातात, आपणही हात जोडून प्रसाद घेतो आणि घरी येऊन म्हणतो की तो नुसता उपचार होता. दुसऱ्या वर्षी वर्गणीची वही आपल्याच टेबलावर पहिली येते. अर्थात ब्रॅडलॉ यांच्या बाजूनेही बोलता येईल. त्यांच्यामागे मते देणारे हजारो मोची होते, आणि त्यांना प्रतिनिधीवाचून ठेवणे त्यांना अन्यायाचे वाटत होते.

२३ जून १८८० रोजी सभागृहाचा हुकूम मानीत नाही म्हणून त्यांना पार्लमेंटच्या घड्याळाच्या मनोऱ्यात कोंडले. तिथे कोंडला गेलेला तो शेवटचा सभासद. दुसऱ्या दिवशी सोडले. जुलैत स्वतःच्या जबाबदारीवर प्रतिज्ञा करून बसू दिले, तर विरोधकांनी दावा लावला. बेकायदा दिलेल्या प्रत्येक मतामागे ५०० पौंड दंड होता. मार्च १८८१ मध्ये कोर्टाने निकाल विरुद्ध दिला आणि जागा रिकामी ठरली. एप्रिलमध्ये नॉर्थॅम्प्टनने त्यांनाच पुन्हा निवडून दिले. ३ ऑगस्ट १८८१ रोजी ते दाराशी गेले, तेव्हा पोलीस आणि चपराशी यांनी मिळून त्यांना जिन्यावरून ओढत खाली नेले. कोट फाटला, दंडाला दुखापत झाली. बाहेर त्यांचे हजारो पाठीराखे उभे होते. ब्रॅडलॉ यांनी एक शब्द काढला असता तर त्या दिवशी रक्त सांडले असते. त्यांनी तो काढला नाही. काळाराम मंदिराच्या दाराशी आणि चवदार तळ्यावर मार खाऊनही आपल्या लोकांनी हात उगारला नव्हता, ते पाहिलेल्या पिढीला याचे मोल अधिक कळेल.

१८८२ मध्ये पुन्हा हकालपट्टी, पुन्हा निवडणूक, पुन्हा विजय. १८८४ मध्ये तेच. मोच्यांचे ते गाव हटले नाही. १८८३ साली प्रधानमंत्री ग्लॅडस्टन यांनी प्रतिज्ञेला मुभा देणारे विधेयक आणले. ग्लॅडस्टन स्वतः अत्यंत श्रद्धाळू ख्रिस्ती. ब्रॅडलॉ यांची मते त्यांना मुळीच पसंत नव्हती. तरी एखाद्याच्या श्रद्धेवरून त्याचे नागरिकत्व मोजू नये म्हणून त्यांनी त्या विधेयकासाठी आयुष्यातले एक मोठे भाषण केले. विधेयक अवघ्या तीन मतांनी पडले. त्याच वर्षी फूट नावाच्या संपादकाला ख्रिस्ती धर्माची निंदा केल्याबद्दल वर्षभराची कैद झाली. ब्रॅडलॉ यांनाही त्याच खटल्यात गुंतवले होते, ते सुटले. धर्मनिंदेचा तो जुना गुन्हा इंग्लंडच्या कायद्यातून निघायला २००८ साल उजाडावे लागले.

अखेर १३ जानेवारी १८८६ रोजी नवे अध्यक्ष पील यांनी कोणाचीही हरकत ऐकून न घेता त्यांना शपथ घेऊन बसू दिले. दोन वर्षांनी, १८८८ मध्ये, ब्रॅडलॉ यांनी स्वतःच कायदा मंजूर करून घेतला. त्यामुळे कोणत्याही माणसाला, कोर्टात असो वा पार्लमेंटमध्ये, देवाच्या नावाऐवजी गंभीरपूर्वक प्रतिज्ञा करता येऊ लागली. आपल्या संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत मंत्री, खासदार, आमदार, न्यायाधीश यांच्या शपथांचे नमुने आहेत. तिथे ईश्वरसाक्ष शपथ आणि गंभीरपूर्वक दृढकथन असे दोन्ही पर्याय आहेत. आपला एखादा बौद्ध कार्यकर्ता निवडून येतो आणि दुसरा पर्याय उच्चारतो, तेव्हा त्याला कोणी जिन्यावरून ओढत नाही.

पार्लमेंटमध्ये हिंदुस्थानचे प्रश्न ब्रॅडलॉ इतके मांडीत की त्यांना हिंदुस्थानचा सभासद म्हणू लागले. १८८९ मध्ये ते गंभीर आजारी पडले. सावरल्यावर हवापालट म्हणून समुद्रप्रवास करीत डिसेंबरात मुंबईला आले आणि काँग्रेसच्या पाचव्या अधिवेशनाला बसले. गंमत अशी की त्या १८८९ सालच्या अधिवेशनाला प्रतिनिधीही १८८९ च जमले होते. ब्रॅडलॉ यांचा मोठा सत्कार झाला, मानपत्रे मिळाली. मात्र त्यांच्याभोवती जमलेली मंडळी वकील, डॉक्टर, शेटसावकार. काँग्रेसने सामाजिक प्रश्न मांडवाबाहेर ठेवलेले होते. अस्पृश्यांबद्दल तिचा पहिला ठराव १९१७ साली झाला, तो त्याच बेझंटबाईंच्या अध्यक्षतेखाली. इंग्लंडमध्ये ज्याने धर्मगुरूंची सत्ता आयुष्यभर हलवली, त्या पाहुण्याला मुंबईत दाखवला गेला तेवढाच हिंदुस्थान दिसला. तेव्हा पुण्यात जोतीराव फुले पक्षाघाताने आजारी होते. दोघांची भेट झाली असती तर काय बोलणे झाले असते, असा विचार मनात येतो.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दोन महिन्यांनी ब्रॅडलॉ यांचे दुखणे बळावले. २७ जानेवारी १८९१ रोजी पार्लमेंटने १८८० सालचा तो मनाईचा ठराव आपल्या दप्तरातून खोडून टाकला. ही बातमी त्यांना सांगता आली नाही. ते शुद्धीवर नव्हते. ३० जानेवारीला ते वारले. वय सत्तावन्न. मागे कर्ज राहिले. आणखी अडीच महिन्यांनी, १४ एप्रिलला, महूच्या छावणीत भीमरावांचा जन्म झाला.

तरुणाच्या प्रश्नाकडे परत येऊ. इंग्लंडात आधी आचरण गेले आणि नाव मागे उरले. १८५१ साली जे चर्चला जात नव्हते तेही स्वतःला ख्रिस्तीच म्हणवत. त्यांच्या पणतवंडांनी शंभर-दीडशे वर्षांनी ते नाव लिहिणेही सोडले. आपल्याकडे उलट झाले. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध म्हणून लिहिलेले लोक अडीच हजारांच्या आसपास होते. १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर नाव एका दिवसात बदलले. आचरण मात्र घराघरात, भांड्याभांड्यात, एकेका सणाला बदलावे लागते, आणि ते काम अजून चालू आहे. तिकडची पाटी कोरी होत आहे. आपली पाटी बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा देऊन स्वतः पुसली आणि लगेच तिच्यावर पंचशील लिहिले. कोरी ठेवली नाही. सृष्टीचा कर्ता, आत्मा आणि पूजापाठ यांच्यावर उभा असलेला धर्म वेगळा, आणि माणसामाणसांतील नीतीवर उभा असलेला धम्म वेगळा, हे त्यांनी बुद्ध आणि त्याचा धम्म या ग्रंथात उलगडून ठेवले आहे. ब्रॅडलॉ यांना पहिल्याशी लढता आले. दुसऱ्याची गरज त्यांनाही जाणवत होती. नाहीतर हॉल ऑफ सायन्समधले रविवार आणि ते छापील विधी कशासाठी होते? पण ते उभे होते एका मोठ्या वक्त्याच्या आवाजावर. आवाज थांबल्यावर ती गर्दी हळूहळू ओसरली.

ब्रॅडलॉ यांच्या मृत्यूनंतर लगेच आवई उठली की शेवटच्या घटकेला ते भ्याले, पश्चात्ताप करून देवाला शरण गेले. अशी आवई उठणार हे मुलीला ठाऊक होते. हायपेशियाने वडिलांची शुश्रूषा करणाऱ्या बायांकडून लेखी सही घेऊन ठेवली होती की आजारपणात ते धर्माविषयी काहीएक बोलले नाहीत. बापाला अग्नी कोण देणार, पिंड कोण पाडणार म्हणून ज्या घरांतून भाऊबंदांनी गलका केला, त्या घरांतल्या लेकीसुनांना हायपेशियाची ही सावधगिरी समजेल.

३ फेब्रुवारी १८९१ रोजी लंडनबाहेर ब्रुकवुड येथे त्यांना पुरले. हजारो लोक आगगाडीने आले होते. त्यात नॉर्थॅम्प्टनचे मोची होते आणि लंडनमध्ये शिकणारे हिंदी विद्यार्थीही होते. मोहनदास गांधी त्यांच्यातलेच एक. प्रार्थना नाही, भाषण नाही. लोक एकेक करून खड्ड्याजवळ येत, क्षणभर उभे राहत आणि काही न बोलता पुढे जात.